वसईची बावखले : समृद्धीच्या ऋतूतील पाणीवाटप

सामाईक बागायतीच्या संस्था हिवाळा कसा काढतात, हा प्रश्न पाश्चात्त्य ग्रंथांतून वाचणाऱ्याला प्रथम काहीसा गौण वाटतो. इंग्लंडात नगरपालिकांच्या जमिनीवर नागरिकांना भाजीपाल्यासाठी लहान तुकडे वार्षिक भाड्याने देण्याची प्रथा जुनी असून १९०८ च्या ‘स्मॉल होल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स’ कायद्याने तिला स्थैर्य आले. अशा तुकड्याचे रूढ माप दहा रॉड, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर, मराठी मापाने अडीच गुंठे. तेथे हिवाळ्यात जमीन गोठते; नळ फुटू नयेत म्हणून पाणी बंद केले जाते; आणि संस्थेचे चालक भाडे गोळा करणे, वार्षिक सभा घेणे, पडीक राहिलेले तुकडे प्रतीक्षायादीतील पुढच्या माणसाला देणे अशा कागदी कामांत गुंततात. थोडक्यात, बाग निजलेली असते आणि संस्था जागी असते.

उत्तर कोकणात या चित्राची उलटापालट होते. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे गिरीज, निर्मळ, भुईगाव, वाघोली, नंदाखाल, आगाशी अशा गावांतून, हिवाळा हाच वाडीचा भर. भात कापून झाल्यावर सखल शेतांत ओलीवर वाल पेरला जातो. उंचवट्यावरील वाड्यांत मुळा, मेथी, पालक, लाल माठ, वांगी, नवलकोल यांचे वाफे भरतात. मोगरा, तगर आणि सोनचाफा यांची निगा चालू असते. केळी आणि पानवेल तर बारमाही. विहिरी काठोकाठ असतात. नेमक्या याच वेळी पाणी वाटून घेणारी मंडळी सुस्त असतात, कारण भांडण्यासारखे काही दिसत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे, की सामाईक पाण्याचे नियम टंचाईच्या महिन्यांत नव्हे तर या भरलेल्या महिन्यांतच पाळावे लागतात. आणि वसईत ते पूर्वी पाळले जात याचे श्रेय जितके माणसांच्या शहाणपणाला, तितकेच, किंबहुना अधिक, त्यांच्या अवजारांच्या मंदगतीला द्यावे लागते.

वसईचा हा बागायती पट्टा पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणा यांच्यामध्ये पडतो; पूर्वेकडे तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात येथील केळीच्या, पानांच्या व उसाच्या बागांची नोंद असून आगाशीची सुकेळी तेव्हाही प्रसिद्ध होती. ‘वाडवळ’ हे येथील एका मोठ्या समाजाचे नावच वाडीशी निगडित आहे. सामवेदी, वाडवळ, माळी, ख्रिस्ती कुपारी अशा भिन्न समाजांनी ही बागायत पिढ्यान् पिढ्या राखली. पोर्तुगीज अंमल १५३४ मध्ये आला आणि १७३९ मध्ये गेला, वाड्यांचा क्रम मात्र चालू राहिला. रेल्वे झाल्यापासून या वाड्यांचा माल पहाटेच्या गाड्यांनी मुंबईच्या बाजारांत जाऊ लागला, हा इतिहास परिचित आहे. त्यामानाने जी संस्था या सर्वांच्या मुळाशी होती, तिची चर्चा विद्यापीठीय लेखनात क्वचितच आढळते. ती संस्था म्हणजे बावखल.

बावखल म्हणजे वाड्यांच्या मधोमध माणसांनी खोदलेले उथळ तळे. पुष्कळ बावखलांची मालकी एकाची नसते. भोवती ज्यांच्या वाड्या आहेत त्या कुटुंबांची ती सामाईक असते. पावसाळ्यात ते भरते, त्यातील पाणी मुरून आसपासच्या विहिरींचे झरे टिकतात, पावसाळा सरल्यावर त्यावरच वाड्यांचे शिंपणे होते, आणि उन्हाळ्यात तळ उघडा पडला म्हणजे भागीदार मिळून गाळ उपसतात व तो खत म्हणून वाडीत घालतात. अलॉटमेंट संस्थेशी याचे साम्य आणि भेद दोन्ही ध्यानात घेण्याजोगे आहेत. तेथे जमीन सार्वजनिक आणि तुकडा व्यक्तीच्या तात्पुरत्या ताब्यात. येथे तुकडा खासगी आणि पाणी सामाईक. तेथे न कसणाऱ्याचा हक्क नोटिशीनंतर संपतो. येथे तो वारसाने चालत राहतो. पुढील विवेचनात या दुसऱ्या भेदाचे महत्त्व दिसून येईल.

बावखलाकडे टाकीप्रमाणे पाहण्याची चूक सहज होते. ती टाळण्यासाठी एक हिशेब मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. हे आकडे कोणत्याही विशिष्ट बावखलाचे नाहीत. केवळ प्रमाण कळावे म्हणून घेतले आहेत. समजा, एका बावखलाचा पृष्ठभाग पाच गुंठे, म्हणजे सुमारे ५०० चौरस मीटर आहे आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्यात सरासरी तीन मीटर पाणी आहे. म्हणजे साठा १,५०० घनमीटर, अर्थात् पंधरा लाख लिटर. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत दररोज सरासरी साडेचार मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर उन्हाच्या वाट्याला पावणेपाच लाख लिटरांच्या आसपास जातात. हाती उरतात सुमारे दहा लाख. आता सहा कुटुंबे प्रत्येकी पाच गुंठे भाजी करतात असे माना. हिवाळ्यात भाजीला दिवसाला चार मिलिमीटर पाणी लागते असे धरल्यास दर गुंठ्यास चारशे लिटर होतात. तीस गुंठ्यांस बारा हजार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या १२० दिवसांतच चौदा लाख चाळीस हजार लिटर खर्ची पडले! मार्चपासून मेअखेरपर्यंत दररोजची गरज साडेसहा मिलिमीटरांवर जाते. त्या ९२ दिवसांचे जवळजवळ अठरा लाख होतात. एकूण मागणी बत्तीस लाखांची आणि डोळ्यांना दिसणारे वापरण्याजोगे पाणी दहा लाखांचे.

उरलेले बावीस लाख लिटर जमिनीखालून येतात. म्हणजे बावखल ही टाकी नव्हे. भूजलाच्या पातळीला पाडलेली ती एक खिडकी आहे. बावखल आणि विहिरी ही वेगवेगळी पाणी नसून एकच पाणी अनेक ठिकाणी उघडे पडलेले आहे. वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत. त्याचा दशांश जमिनीत मुरून उपयोगी पडतो असे धरले, तर हे बावीस लाख लिटर साठवण्यास ११,००० चौरस मीटर, म्हणजे पावणेतीन एकर उघडी जमीन लागते. तीस गुंठ्यांच्या भाजीमागे पावणेतीन एकर! भोवतालच्या जमिनीवर फरशी आणि डांबर आले, तर बावखलाला कोणी हात न लावताही त्याचा हिशेब मोडतो. (मुरण्याचे प्रमाण वालुकामय जमिनीत अधिक असू शकते, आणि काही पाणी समुद्राकडे वाहूनही जाते, त्यामुळे हा आकडा दिशा दाखवण्यापुरताच घ्यावा.)

किनाऱ्यावरील भूजलाला आणखी एक अट असते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते त्यावर तरंगत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडातील बादोन घायबेन याने आणि १९०१ मध्ये जर्मनीतील हेर्झबर्ग याने या तरंगण्याचे प्रमाण मांडले : समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जितकी, तिच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत खाली गोडे पाणी. याचा व्यत्यास भीतिदायक आहे. वरची पातळी अर्धा मीटर उतरली, तर खालची खारी सीमा सिद्धांततः वीस मीटर वर सरकण्याचा कल धरते. वसईच्या किनारपट्टीवर वाळूचा थर जाड नाही आणि त्याखाली बेसॉल्ट खडक आहे. शिवाय ही सीमा रेषेसारखी नसून मिश्र पाण्याचा पट्टा असते व ती सावकाश सरकते. म्हणून चाळीसचा आकडा येथे जसाच्या तसा लावणे अशास्त्रीय होईल. परंतु तत्त्व खोटे ठरत नाही : मे महिन्यात विहीर मचूळ झाली, तर तिचे कारण बहुधा मे महिन्यातील उपसा नसतो. डिसेंबर-जानेवारीत, विहीर भरलेली दिसत असताना, जे उपसले गेले त्याची ती वसुली असते. कारण आणि परिणाम यांच्यात चार-पाच महिन्यांचे अंतर पडते, आणि म्हणूनच वाडीवाल्याला ते दिसत नाही.

मग पूर्वी हे कसे निभावले? येथे रहाटाकडे वळणे भाग आहे. बैलाने किंवा रेड्याने फिरवलेला रहाट पाच-सहा मीटर खोलीवरून तासाला सुमारे दहा हजार लिटर पाणी काढतो. आणि जनावर दिवसाला चार तासांहून फारसे अधिक नेटाने चालत नाही. पाच अश्वशक्तीचा पंप दहा मीटरांच्या उंचीवर निम्म्या कार्यक्षमतेने चालला तरी तासाला साठ हजारांहून अधिक लिटर देतो. वरील हिशेबातील दहा लाख लिटर उपसण्यास रहाटाला पंचवीस दिवस लागले असते. पंपाला सतरा तास पुरतात. रहाटाच्या काळात अतिउपशाला बंदी करणारा लेखी नियम क्वचितच लागला असेल, कारण तो नियम जनावराच्या पायांतच होता. रेडा थकला की सभा न भरवता ठराव मंजूर होई.

याहूनही सूक्ष्म परिणाम मापनावर झाला. सामाईक विहिरींतील हिस्से महाराष्ट्रात सर्वत्र आण्यांत सांगण्याची रीत आहे. सोळा आण्यांची विहीर, त्यात कोणाचे चार आणे, कोणाचे दोन. आणि सात-बाराच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात ते नोंदलेले असतात. चार आण्यांच्या मालकाची पाळी दर चौथ्या दिवशी येते. वरवर पाहता ही काळाची वाटणी आहे. परंतु जोवर सर्वांची अवजारे एकाच गतीची होती, तोवर काळाची वाटणी हीच पाण्याची वाटणी होती. एकाने तीन अश्वशक्तीचा आणि दुसऱ्याने साडेसात अश्वशक्तीचा पंप बसवला, त्या दिवशी ‘एक पाळी’ या शब्दाचा अर्थ दोघांसाठी भिन्न झाला. सात-बारावरील आणे होते तेच राहिले. त्यांचे पाणी मात्र बदलले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण अवश्य अभ्यासावे. संस्था मोडण्यास नियम मोडावा लागतो असे नाही. नियमाचे परिमाण निरर्थक झाले तरी पुरते.

पंपापाठोपाठ टँकर आला. रेल्वेमार्गालगतची उपनगरे वाढली, नव्या इमारतींना नळाचे पाणी नव्हते, आणि हरित पट्ट्यातील विहिरींचे पाणी टँकरने तिकडे जाऊ लागले. त्याविरुद्ध १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने उभारलेले आंदोलन महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिब्रिटो हे पुढे उस्मानाबाद येथील २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. या आंदोलनाचे मूल्यमापन हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच नोंदवणे प्रस्तुत, की टँकर बाहेरचा असला तरी विहीर गावातलीच असे. दहा हजार लिटरांचा टँकर मोठा पंप दहा मिनिटांत भरतो. दिवसाकाठी असे दहा टँकर भरले, तर तीस गुंठ्यांच्या भाजीचे आठ दिवसांचे पाणी एका दिवसात गावाबाहेर गेले. हिवाळ्यात विहीर भरलेली असताना हा व्यवहार विक्रेत्यास निरुपद्रवी वाटतो, यात नवल नाही.

कायदा या प्रसंगी फारसा मदतीस येत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या सातव्या कलमाखालील उदाहरणांनुसार, निश्चित प्रवाहाने न वाहणारे आपल्या जमिनीखालील पाणी आपल्या हद्दीत गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याचा अधिकार जमीनमालकाला आहे. भूजल एकच असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते सीमेच्या दगडाशी थांबते! महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांपुरता आणि २००९ मध्ये अधिक व्यापक असा भूजल कायदा केला. त्यांनी ही स्थिती तत्त्वतः पालटली, परंतु त्यांचे लक्ष पाणलोटावर आणि अधिसूचित क्षेत्रावर आहे, सहा कुटुंबांच्या बावखलावर नव्हे. पाणथळ जागांच्या संरक्षणाचे २०१७ चे केंद्रीय नियम पाहावेत, तर त्यांतून सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या मानवनिर्मित जलरचना वगळलेल्या आहेत. हाताने खोदलेले आणि शिंपण्यासाठी राखलेले असणे हे बावखलाचे वैशिष्ट्य. नेमके तेच त्याला या नियमांच्या संरक्षणाबाहेर ठेवण्यास पुरेसे ठरू शकते. २००१ मध्ये हिंचलाल तिवारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावतळ्यांचे रक्षण करण्याचे कर्तव्य शासनावर ठेवले. तथापि तेथे प्रश्न सार्वजनिक तळ्याचा होता. बावखल सामाईक आहे, सार्वजनिक नाही. खासगी आणि सरकारी या दोनच खणांत मालमत्ता मांडण्याची सवय झालेल्या व्यवस्थेत या तिसऱ्या प्रकाराला जागा सापडत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात या तिसऱ्या प्रकारालाच शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली व २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. परंतु तलाठ्याच्या दप्तरापर्यंत तो विचार पोहोचलेला नाही.

तेव्हा भार पडतो तो भागीदारांच्या आपसांतील व्यवस्थेवर. तिचे स्वरूप काय असावे, याला महाराष्ट्रातच आधार आहेत. पांझरा आणि मोसम नद्यांवरील जुन्या फड पद्धतीत लाभधारक स्वतः पिकाखालचा फड ठरवीत आणि पाणी सोडण्याचे काम नेमलेल्या पाटकऱ्याकडे असे. शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नसे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या मालकीपासून तोडले : माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांचे, भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरेबाजार येथे पावसाळा संपताच उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून रब्बीची पिके ठरवली जातात. तेथे ऊस आणि केळी दोन्ही वर्ज्य आहेत. वसईत केळीला बंदी घालण्याची सूचना करणारा मनुष्य सभेतून सुखरूप घरी पोहोचेल की नाही याची शंका आहे. म्हणून अनुकरण नियमांचे नव्हे, तर ते करण्याच्या वेळेचे करावयाचे. या व्यवस्थांतील सर्वांत महत्त्वाचे निर्णय पाणी भरपूर असतानाच घेतले जातात.

वसईतील भागीदारांसाठी ती वेळ कोजागिरी आणि दिवाळी यांच्यामधली. भात निघालेले नसते किंवा नुकतेच निघालेले असते, वाफे अजून बांधावयाचे असतात, कोणाचाही पैसा बियाण्यात अडकलेला नसतो. ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची. एकदा रोप लावले, की प्रत्येक भागीदार आपल्या पिकाचा वकील होतो. त्या सभेत बावखलाची व दोन-तीन विहिरींची पातळी मोजून नोंदवावी आणि मेअखेरीस किती पाणी शिल्लक राहिले पाहिजे ते आधी ठरवावे. उरलेल्यातून भाजीचे गुंठे काढावेत. आज उलट केले जाते : प्रथम गुंठे, मग पाणी. कोणते पीक कोणी किती घ्यावे यात संस्थेने पडू नये. तो कलहाचा मार्ग आहे. गुंठे ठरले की पुरे.

पाळीचे परिमाण मात्र दुरुस्त करावेच लागेल. सर्वांत सोपा उपाय एकच सामाईक पंप आणि एकच पाणी सोडणारा माणूस. म्हणजे पाटकऱ्याचीच कल्पना. ते जमत नसेल, तर पंपावर पाणी मोजण्याचे मीटर बसवून आणे लिटरांत मांडावेत. वरच्या उदाहरणात हिवाळ्यातील दिवसाचे बारा हजार लिटर सोळा आण्यांत वाटले, तर आण्याला साडेसातशे लिटर येतात. ही संख्या एकदा भिंतीवर लिहिली गेली, म्हणजे ‘माझी पाळी’ आणि ‘माझे पाणी’ यांत फरक उरत नाही. पाळ्यांची अदलाबदल मुक्त असावी. नाताळ ते उपवासकाळ यांच्या दरम्यान ख्रिस्ती घरांतून लग्नांची गर्दी असते आणि वाडीवर माणूस मिळत नाही; त्या आठवड्यांत पाळ्या शेजाऱ्याला देऊन पुढे परत घेण्याची सोय नसेल, तर कोणतेही कोष्टक टिकणार नाही. (ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी ‘उंबराचे पाणी’ विहिरीवरून वाजतगाजत आणतात, विहीर ही नात्यांची जागा होती, याची ती खूण.) अदलाबदल शेजाऱ्याशी मोकळी, भागीदारीबाहेर विक्री मात्र बंद : टँकरच्या प्रश्नाला संस्थेच्या नियमांत एवढे एकच वाक्य लागते, आणि ते नोव्हेंबरात, टँकरवाला दाराशी येण्यापूर्वी, मान्य झालेले असावे लागते.

नोंदवहीत पातळीबरोबर पाण्याचा खारेपणाही असावा. विद्युतवाहकता मोजणारे लहान उपकरण आता स्वस्त आहे आणि पंधरवड्यातून एकदा मोजण्यास शाळकरी मुलगाही पुरतो. कोणते पीक किती क्षार सोसते याचे मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये संकलित केलेले आकडे येथे मार्गदर्शक ठरतात. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता फरसबीला १.०, मुळ्याला आणि कांद्याला १.२, कोबीला १.८, पालकाला २.० आणि टोमॅटोला २.५ डेसिसीमेन्स प्रतिमीटरपर्यंत चालते; त्यापुढे उत्पन्न घटू लागते. म्हणजे मुळ्याचा वाफा हा एका अर्थी इशारा देणारा पहारेकरी आहे. टोमॅटोला जे अजून जाणवले नाही ते त्याला आधी जाणवते. जानेवारीच्या दोन सलग नोंदींत आकडा चढता दिसला, तर मार्चनंतरचे गुंठे तेव्हाच कमी करावेत. मे महिन्यात जिभेला चव लागेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती पाण्याची नसून माणसांची आहे. सहा भागीदारांपैकी दोघांची मुले मुंबईत नोकरीस आहेत, एकाची वाडी पडीक आहे आणि एकाने आपली जमीन इमारतीसाठी देऊ केली आहे, अशी स्थिती आज कोणत्याही गावात आढळू शकते. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा तीत गावे घालण्यास झालेला विरोध याच जमिनींच्या भवितव्याशी संबंधित होता. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला तरी तो प्रश्न मिटला नाही. इंग्रजी अलॉटमेंटमध्ये न कसणाऱ्याचा तुकडा परत घेता येतो. बावखलात तसे करणे अशक्य, कारण हिस्सा वारसाचा आहे; आणि न कसणाऱ्या भागीदाराला बावखल राखण्यात दिसणारा लाभ शून्य, पण बुजवण्यात दिसणारा लाभ मोठा. त्याला लोभी म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु ज्या व्यवस्थेने त्याला पाण्याखेरीज दुसरे काहीच देऊ केले नाही, त्या व्यवस्थेतही दोष आहे.

यावर एक मार्ग पाणी पंचायतीच्या तत्त्वातून सुचतो. न वापरलेले आणे भागीदाराने संस्थेकडे वर्षापुरते ठेवावेत. संस्थेने ते कसणाऱ्यांना मोल घेऊन द्यावेत. आणि ती रक्कम न कसणाऱ्याच्या नावे जमा व्हावी. आज तो टँकरवाल्याकडून किंवा बांधकाम व्यावसायिकाकडून जे मिळवू पाहतो, त्याच्या तुलनेत ही रक्कम क्षुल्लक असेल, हे मान्य. परंतु तिच्यामुळे तो दरवर्षी सभेस बोलावला जातो, त्याचे नाव वहीत राहते, आणि त्याचा हिस्सा हा मृत कागद न राहता चालता व्यवहार राहतो. सहकारी संस्था म्हणून नोंदणी करायची तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने सर्वसाधारणपणे निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. सहा कुटुंबांच्या बावखलाला ती अट पुरी करता येत नाही. त्यामुळे एका गावातील दोन-तीन बावखलांनी मिळून एक संस्था करणे हाच व्यवहार्य उपाय दिसतो. भूजल एकच असल्याने ते शास्त्रालाही धरून आहे. त्यातून एक धोकाही संभवतो : संस्था मोठी झाली की पाळीचा माणूस आणि वहीचा माणूस वेगळे होतात, आणि वही बावखलापासून दूर जाते.

गाळाचे काम मात्र कोणत्याही वहीवर भागत नाही. पाच गुंठ्यांच्या तळाशी अर्धा फूट गाळ बसला, म्हणजे सुमारे पंचाहत्तर हजार लिटरांची जागा गेली आणि झऱ्यांची तोंडेही मिटली. तो काढायचा एप्रिल-मे मध्ये, तळ उघडा पडल्यावर. पण त्याची वर्गणी आणि माणसांची यादी जानेवारी-फेब्रुवारीतच, मालाचे पैसे हाती असताना, तयार व्हावी लागते. पूर्वी प्रत्येक घरातून माणूस येई आणि गाळाचा वाटा डोक्यावरून घेऊन जाई. कामाची मजुरी आणि खताची किंमत एकाच पाटीत फिटे. न कसणाऱ्याला गाळ नको असतो. त्याच्या वाट्याचा गाळ कसणाऱ्या भागीदारांनी न्यावा आणि त्याच्या वाट्याची उपसणीही त्यांनीच करावी, हा व्यवहार वरकरणी समतोल दिसतो. काही बावखलांपाशी गेल्या काही वर्षांत तरुणांनी स्वेच्छेने येऊन साफसफाई केली, तेव्हा तो तसाच चालून गेला. दुसऱ्या वर्षी त्या तरुणांच्या जागी कोण उतरणार, याची यादी फेब्रुवारीत तयार होती की नाही, यावर त्या बावखलाचा पुढचा पावसाळा ठरतो.